तीस पारे, चार बहिणी आणि अकरा पुस्तकं

रमजान आला की काय बदलतं, हे गावात सगळ्यांना दिसतं. संध्याकाळी फळांच्या गाड्यांवर गर्दी होते, खजुराचे ढीग लागतात, मगरिबच्या अजानपूर्वी रस्ते घाईत असतात. शेजारच्या काकू आठवणीनं विचारतात, "चौदा तास पाणीसुद्धा नाही?" आणि ईद जवळ आली की शिरखुर्म्याची चौकशी सुरू होते. उपवास आणि खाणं या दोन गोष्टींनी रमजानची ओळख पक्की झाली आहे. तिसरी गोष्ट मात्र घराच्या आत घडते, म्हणून ती फारशी कुणाला दिसत नाही. ती म्हणजे वाचन.

रमजान हा मुळात कुराणाचा महिना. मक्केजवळच्या हिरा नावाच्या गुहेत प्रेषित मुहंमद (स.) यांच्यावर पहिली वही उतरली ती याच महिन्यात, अशी श्रद्धा आहे. त्या वहीचा पहिला शब्द होता 'इक्रा', म्हणजे 'वाच' किंवा 'म्हण'. पुढच्याच काही वाक्यांत लेखणीचा उल्लेख येतो. कुराणाचे तीस भाग केलेले आहेत, त्यांना आपल्याकडे पारे किंवा सिपारे म्हणतात. रोज एक पारा वाचला की महिन्याभरात कुराण पूर्ण होतं. पुरुष मंडळी रात्री मशिदीत तरावीहच्या नमाजमध्ये ते ऐकतात. घरातल्या बायका सहरीनंतर, दुपारची कामं उरकल्यावर किंवा इफ्तारीची भजी तळण्याआधीच्या तासाभरात आपला पारा उघडून बसतात.

कुराण ग्रंथरूपात जपण्याच्या इतिहासातही एका बाईचं नाव ठळक आहे. प्रेषितांच्या पत्नी आणि खलिफा उमर यांच्या कन्या हजरत हफ्सा. कुराणाची एकत्र केलेली लिखित प्रत त्यांच्याकडे सांभाळायला होती आणि पुढे खलिफा उस्मान यांच्या काळात प्रती तयार झाल्या तेव्हा ती मागवून घेतली गेली. हफ्सांना लिहायला शिकवणारीही एक बाईच होती, शिफा बिन्ते अब्दुल्ला. मुस्लीम बाईनं वाचावं की नाही, हा वाद ज्यांनी नंतरच्या काळात घातला, त्यांना ही दोन नावं आठवून द्यावीशी वाटतात.

बारा महिन्यांची अकरा पुस्तकं

आम्ही चौघी बहिणी. थोरली आपा सोलापूरला, दुसरी बाजी मिरजेत, तिसरी मी आणि पुण्यात नोकरी करणारी छोटी. अम्मी गेल्यानंतर तिची पत्र्याची ट्रंक उघडली तेव्हा कपड्यांच्या तळाशी काही पुस्तकं निघाली. लग्नात मिळालेला 'बहिश्ती जेवर', 'खातून मशरिक' मासिकाचे पिवळे पडलेले अंक, डिप्टी नजीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' आणि कव्हर नसलेली लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. साड्यांची वाटणी पाच मिनिटांत झाली. पुस्तकांवरून मात्र चौघी अडून बसलो. शेवटी आपा म्हणाली, "वाटायची कशाला? फिरवू या." त्या दिवसापासून आमचा वाचनगट सुरू झाला. त्याला आता सहा वर्षं होतील.

पद्धत साधी आहे. महिन्याला एक पुस्तक. महिना चांद्र, म्हणजे चंद्र दिसला की नवं पुस्तक. वर्षाचे महिने बारा, पण रमजानमध्ये कुराणाशिवाय दुसरं काही ठेवायचं नाही, म्हणून पुस्तकं अकरा. प्रत्येकीनं रमजानमध्ये तीन नावं सुचवायची. चोक तीन बारा होतात आणि जागा अकराच. त्यामुळे दर वर्षी एक नाव गळतं, आणि ते कोणाचं गळावं यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी अब्बांच्या घराच्या वाटणीतसुद्धा झाली नाहीत.

नियम तीनच. पहिला, जिनं पुस्तक सुचवलं तिनं ते स्वतः वाचलेलं असावं. 'चांगलं आहे म्हणतात' हे चालत नाही. दुसरा, कोणत्या बहिणीनं ते का वाचावं, हे सांगायचं. तिसरा, पूर्ण वाचलंच पाहिजे अशी सक्ती नाही, पण कुठं सोडलं आणि का सोडलं, हे सांगायचंच. हा तिसरा नियम सगळ्यात उपयोगी ठरला. पुस्तक कुठं मिटलं यावरून आमच्या एकमेकींबद्दल जे कळलं, ते इतक्या वर्षांच्या ईदच्या गाठीभेटींतून कळलं नव्हतं.

पुस्तक एकच विकत घ्यायचं किंवा वाचनालयातून आणायचं. विकतचं असेल तर ते कुरिअरनं किंवा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातून फिरतं. समासात पेन्सिलीनं लिहायला मुभा आहे. चौथ्या बहिणीच्या हाती पोचेपर्यंत समासात तिघींचं बोलणं सुरू झालेलं असतं.

अकबरी की असगरी?

सगळ्यात जास्त वाद झाला तो अम्मीच्या ट्रंकेतल्या 'मिरातुल उरूस'वरून. हे पुस्तक 1869 सालचं. उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. दिल्लीचे नजीर अहमद सरकारी नोकरीत होते. मुलींना वाचायला देण्याजोगं काही मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच्या मुलींसाठी ही गोष्ट थोडी थोडी लिहायला घेतली. पुढे ती साहेबाच्या नजरेला पडली आणि सरकारनं तिला हजार रुपयांचं बक्षीस दिलं. म्हणजे या कादंबरीच्या पहिल्या वाचक घरातल्याच मुली होत्या.

गोष्ट दोन बहिणींची. एकाच घरातल्या दोन भावांशी त्यांची लग्नं होतात. थोरली अकबरी लाडावलेली, भांडकुदळ, सासूशी न पटणारी. एक भोंदू बाई हाजण बनून येते आणि तिचे दागिने घेऊन पसार होते. धाकटी असगरी हुशार, हिशोबी. ती चोरी करणाऱ्या मोलकरणीला उघडं पाडते, घराची घडी बसवते आणि मोहल्ल्यातल्या मुलींना घरीच शिकवायला घेते. पिढ्यान् पिढ्या उर्दू घरांत मुलींना सांगितलं गेलं, असगरीसारखी हो.

बाजी शिक्षिका आहे. तिला असगरी आवडली यात नवल नव्हतं. छोटी म्हणाली, असगरी फारच गुणी आहे, असली बाई माझ्या ऑफिसात असती तर मी जेवायच्या सुट्टीत तिच्या टेबलावर बसले नसते. आम्ही हसत होतो. आपा मात्र गप्प होती. मग ती म्हणाली, "अकबरीला कुणी काही शिकवलंच नाही. नानीनं लाड केले आणि सासरी पाठवून दिलं. मग दागिने गेले तर तिला मूर्ख का म्हणायचं? पुस्तक लिहिणाऱ्यानं तिला एक तरी संधी द्यायची होती."

फोनवर थोडा वेळ कुणी बोललं नाही. कारण आम्हा चौघींत शाळा सुटली ती आपाची एकटीची. ती उर्दू शाळेत होती. सातवीनंतरची उर्दू शाळा दुसऱ्या गावात. एकट्या मुलीला एसटीनं पाठवायचं की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा झाली आणि तिसऱ्या दिवशी तिच्या हाती शिलाई मशीन आलं. पुढच्या तिघींना अब्बांनी गल्लीच्या टोकाच्या मराठी शाळेत घातलं, म्हणजे तोच प्रश्न पुन्हा यायला नको. आम्ही शिकलो. आपाच्या शिलाईचे पैसे आमच्या वह्या-पुस्तकांना लागले, हेही खरंच. आणि आम्हाला गोष्टींची गोडी लावली तीही तिनंच. काज-बटणं करता करता ती उर्दू मासिकांतल्या गोष्टी आम्हाला वाचून दाखवायची.

त्या संध्याकाळी पुस्तकाच्या समासात बाजीनं असगरीच्या कौतुकाच्या वाक्याखाली पेन्सिलीनं लिहिलं, 'हिला शिकवणारं कुणीतरी होतं.' त्या प्रतीतलं ते मला सगळ्यात मोलाचं वाक्य वाटतं.

जंजिऱ्याच्या बहिणी

बहिणींनी एकमेकींना वाचायला देणं, लिहितं करणं ही आमची नवी युक्ती नाही. आपल्या महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर तिचं एक देखणं उदाहरण आहे. जोहरा, नाजली आणि अतिया या फैजी घराण्यातल्या तीन बहिणी. मुंबईच्या तय्यबजी कुटुंबाशी त्यांचं जवळचं नातं. नाजलीचं लग्न जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमद खान यांच्याशी झालं. मुरूडला जाऊन आलेल्या प्रत्येकानं पाण्यातला किल्ला पाहिलेला असतो, पण त्या संस्थानाच्या बेगमनं युरोपच्या प्रवासाचं पुस्तक लिहिलं होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

धाकटी अतिया 1906 साली शिष्यवृत्ती घेऊन शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेली. तिथून ती रोजनिशीसारखी पत्रं घरी बहिणींना पाठवायची. कॉलेजात काय शिकवलं, कोणाकडे जेवायला गेलो, काय पाहिलं, सगळं. जोहरानं ती पत्रं नीट लावली आणि लाहोरच्या 'तहजीबे निस्वां' या बायकांच्या साप्ताहिकात छापायला दिली. 1921 साली त्यांचं 'जमाना-ए-तहसील' हे पुस्तक झालं. एक बहीण लिहिते, दुसरी ते जपते आणि शेकडो अनोळखी बायकांपर्यंत पोचवते. जोहरानं ती पत्रं पेटीत ठेवून दिली असती, तर लंडनमध्ये एकटीनं शिकणाऱ्या एका मुस्लीम मुलीची ही नोंद आपल्याला मिळाली नसती.

हे 'तहजीबे निस्वां' साप्ताहिकही पाहण्यासारखं. 1898 साली मुहम्मदी बेगम आणि त्यांचे पती सय्यद मुमताज अली यांनी ते सुरू केलं. संपादन मुहम्मदी बेगम करायच्या. त्याच्या वाचक एकमेकींना 'तहजीबी बहनें' म्हणायच्या. पडद्यात राहणाऱ्या, एकमेकींना कधी न भेटलेल्या या बायका एकाच अंकाच्या वाचक म्हणून बहिणी झाल्या होत्या.

तय्यबजींच्या घरात आणखी एक रीत होती. घराघरांत 'अखबार की किताब' नावाच्या मोठ्या वह्या असत. त्यात घरातलं कुणीही, बाई असो वा पुरुष, घडलेल्या गोष्टी लिहून ठेवायचं आणि पाहुणेसुद्धा त्यात भर घालायचे. आजच्या फॅमिली ग्रुपसारखंच, फरक इतकाच की ते लिहिलेलं शंभर वर्षांनंतरही वाचता येतं.

बंगालमध्येही असंच एक बहिणींचं नातं सापडतं. रुकय्या सखावत हुसैन यांनी 1905 साली 'सुलतानाज ड्रीम' लिहिलं. त्यात बायका राज्य चालवतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात आणि पुरुष पडद्यात राहतात. त्या काल्पनिक देशात सुलतानाला वाट दाखवणारी बाई आहे 'सिस्टर सारा'. रुकय्याची खरी थोरली बहीण करीमुन्निसा. तिला वाचनाची विलक्षण ओढ, पण तिचं शिक्षण घरच्यांनी थांबवलं. रुकय्यानं आपल्या 'मोतीचूर' या पुस्तकाचा दुसरा भाग तिलाच अर्पण केला. पुढे 1911 साली रुकय्यानं कोलकात्यात आठ मुली घेऊन शाळा सुरू केली. बहिणीची थांबलेली शाळा ती विसरली नसणार, असं मला वाटतं.

अक्षरं ओळखीची, वाचन अडतं

यंदाच्या रमजानमध्ये आमच्या गटापुढे एक नवाच पेच आहे. आपाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीख ईदनंतरची मिळाली आहे. तोवर तिला पुस्तकातली ओळ दिसत नाही, आणि तिच्या आवडीची बहुतेक पुस्तकं उर्दूत. चौघींत उर्दू सफाईनं वाचणारी तीच.

इतर समाजातल्या मित्रमैत्रिणींना याचं आश्चर्य वाटतं. "तुम्ही कुराण वाचता ना, मग उर्दू कसं येत नाही?" त्याचं कारण असं. कुराण अरबीत आहे आणि त्यात प्रत्येक अक्षरावर जेर, जबर, पेश ही स्वरचिन्हं दिलेली असतात. लहानपणी मदरशात कायदा शिकलेली मुलगी ती चिन्हं बघून बिनचूक वाचते, अर्थ कळो न कळो. उर्दूच्या रोजच्या छपाईत ही चिन्हं जवळजवळ नसतातच. शब्द आधी माहीत असेल तरच तो वाचता येतो. शिवाय प, च, ट, ड, ग ही अक्षरं अरबीत नाहीत, ती उर्दूत वेगळी शिकावी लागतात. आणि उर्दूची नस्तालीक लिपी तिरकी उतरत जाते, अक्षरं एकमेकांवर रेलतात. त्यामुळे महाराष्ट्रात मराठी शाळेत शिकलेल्या असंख्य मुस्लीम बायका कुराण वाचतात, मराठी वर्तमानपत्र वाचतात, घरात दखनी बोलतात आणि उर्दू पुस्तकापाशी येऊन थांबतात. आईच्या ट्रंकेतली पुस्तकं मुलींना नुसती बघावी लागतात.

छोटीनं हे मनावर घेतलं. शाबान महिन्यात तिनं उर्दूचं पहिलीचं पुस्तक आणलं. रात्री ऑफिसातून आली की आपाला फोन लावायचा. आपा डोळे मिटून सांगते, छोटी बोट ठेवून वाचते. आधी अर्ध्या तासात चार ओळी व्हायच्या. आता पान होतं. एखादा शब्द अडला की ती अक्षरं सांगते, "मीम, अलिफ, मीम, अलिफ," आणि पलीकडून आपा म्हणते, "मामा. मामा अजमत. चोरटी मोलकरीण. चल पुढे." तिला कादंबरी जवळजवळ पाठ आहे. तरीही ती ऐकते, कारण तिचा डोळा बंद असताना हे पुस्तक घरात कुणाला तरी वाचता यावं, एवढंच तिचं मागणं आहे.

पाऱ्यांचा हिशोबही यंदा बदलला. दर वर्षी स्वतःच्या वाचनाशिवाय आम्ही चौघी मिळून अम्मी-अब्बांच्या नावानं एक कुराण पूर्ण करतो. एरवी कुणाकडे सात, कुणाकडे आठ पारे यायचे. यंदा आपानं शेवटचा तिसावा पारा घेतला. त्यातल्या छोट्या सूरा तिला लहानपणापासून तोंडपाठ आहेत, तिथं डोळ्यांची गरज नाही. उरले एकोणतीस. बाजीकडे दहा, माझ्याकडे दहा, छोटीकडे नऊ. सत्ताविसाव्या रात्रीपर्यंत ते पूर्ण करून दुआ करायची, असं ठरलं आहे.

यंदाची यादी

या रविवारी तरावीहनंतरच्या फोनवर नावं निघाली. सगळी बारा इथं देत नाही, पण जी कुणाच्याही घरात चालतील अशी काही सांगते.

बाजीनं पुन्हा 'स्मृतिचित्रे' सुचवलं. लक्ष्मीबाई लग्नानंतर लिहा-वाचायला शिकल्या, धर्मांतरानं घर दुभंगलं तरी त्यांचा विनोद आटला नाही. 1934 साली त्याचा पहिला भाग आला. बाजीचं म्हणणं असं, की सोवळं-ओवळं आणि आपल्याकडचं पाक-नापाक यांच्या नावाखाली बायकांना होणारा जाच इतक्या हसत कुणी सांगितलेला नाही. छोटीनं ते फार लहान असताना वाचलंय, आता संसाराच्या वयात वाचावं.

मी मेहरुन्निसा दलवाई यांचं 'मी भरून पावले आहे' सुचवलं. हमीद दलवाईंचं नाव आमच्या घरात काढलं की दोन तट पडतात. 1966 साली सात मुस्लीम बायकांचा मोर्चा त्यांनी विधान भवनावर नेला, त्याचं कुणाला कौतुक, तर त्यांच्या काही मतांचा कुणाला राग. पण त्यांच्या पत्नीचं आत्मकथन वाचताना हा वाद थोडा बाजूला राहतो. चळवळ करणाऱ्या माणसाचं घर कोण चालवतं, पाहुण्यांचा चहा कोण ठेवतं, आजारपण कोण काढतं, हे त्यात आहे. आपाला ते वाचून दाखवायचं मी कबूल केलं आहे. तिला ते पटणार नाही असं ती आधीच म्हणाली. पटलं नाही तर कुठं सोडलं, ते तिला सांगावं लागेल.

छोटीनं इस्मत चुगताईंचं नाव काढलं. 'लिहाफ'वरचा खटला सगळ्यांना माहीत असतो, पण तिला 'चौथी का जोडा' हवी आहे. हुंड्याअभावी मुलगी घरात राहते, तिच्या लग्नाचा पोशाख बेतत बसलेली आई, आणि धाकट्या बहिणीची घुसमट. आपा आयुष्यभर लग्नाचे कपडे शिवत आली. ही गोष्ट तिच्यासाठी, असं छोटी म्हणाली.

आणि आपानं काय सुचवलं? 'बहिणाबाईंची गाणी'. ज्या बाईला लिहिता येत नव्हतं, तिच्या ओव्या मुलानं आणि घरच्यांनी उतरवून घेतल्या म्हणून 1952 साली पुस्तक झालं. "ऐकणारं कुणी असलं की बाईचं बोलणं कागदावर येतं," आपा म्हणाली. या नावावर मतदान घ्यावं लागलं नाही.

ईद आता फार लांब नाही. लहान मुलांच्या हातावर ईदी ठेवायची आपल्याकडे रीत आहे. दहाच्या, वीसच्या कोऱ्या नोटा आधीपासून जमवल्या जातात. यंदा आम्ही चौघींनी ठरवलंय, नोटेबरोबर एक पातळसं पुस्तकही द्यायचं, आणि पुढच्या ईदला विचारायचं, कुठपर्यंत वाचलं? कुठं सोडलं? घरात बहिणी, जावा, नणंदा कुणीही असोत, हा प्रश्न एकदा विचारून बघा. त्यासाठी रमजानच असला पाहिजे असं नाही. दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारीही एक पुस्तक सहज मावतं, आणि शिरखुर्मा घ्यायला येणाऱ्या शेजारच्या काकूंच्या हातीही ते देता येतं. त्या परत करायला आल्या की समासात पाचवं अक्षर दिसेल.